नाळ चालू आहे

तेजस आवटीनं पेढे वाटायची घाई केली आणि पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

पण त्याला तरी दोष कसा द्यावा? लग्नानंतर सात वर्षं वाट पाहून मुलगी झाली होती. अशा वेळी माणूस पेढे वाटणार नाही तर काय हिरव्या मिरच्या वाटणार? मिठाईवाल्यानं सवयीनं विचारलं की, मुलगी ना, मग बर्फी देऊ का? तेव्हा तेजसनं त्याला चार शब्द सुनावले आणि पेढेच घेतले. मोठा पुडा घेऊन तो मिरजेहून कुपवाडच्या कारखान्यात गेला. तिथं त्याची बायको शर्वरी पंपांच्या चाचणी विभागात होती. फाटकावरच्या रखवालदारापासून थेट मॅनेजरपर्यंत एकालाही त्यानं सोडलं नाही. कर्मचारी विभागाचे दिलीप खोत यांना मधुमेह. त्यांनी पेढा कागदात गुंडाळून बाजूला ठेवला, तेजसचा हात हातात घेऊन मनापासून अभिनंदन केलं आणि लगेच संगणकावर नोंद केली: श्रीमती शर्वरी आवटी, प्रसूती झाली, भरपगारी रजा आजपासून सुरू.

खोतांचं काही चुकलं नव्हतं. मुलगी झालीच होती. फक्त ती अजून रडली नव्हती आणि तिनं श्वासही घेतला नव्हता. पाच महिने उलटून थोडे दिवस झाले असताना शर्वरीच्या गर्भपिशवीचं तोंड उघडलं, ताप चढला आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून बाळ बाहेर काढलं. ते बाहेर आलं आणि लगेच पुन्हा आत गेलं. फक्त ते 'आत' आता आईचं पोट नव्हतं.

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात. त्या गावात नुकतंच ऊबकोशाचं केंद्र निघालं होतं, आणि एवढ्या लहान बाळांना जगवणारी आसपासच्या पाच-सहा जिल्ह्यांतली ती एकच जागा होती.

ऊबकोश म्हणजे एक पारदर्शक पिशवी. दुधाच्या पिशवीपेक्षा थोडी मोठी, पण फार शहाणी. तिच्यात कोमट, किंचित खारं पाणी सतत येत-जात असतं. इतक्या लवकर आलेल्या बाळाची फुप्फुसं हवेसाठी तयार नसतात. पूर्वी अशा बाळांना यंत्रानं हवा द्यायचे, आणि जी हवा जगवायची तीच फुप्फुसं जाळायची. ऊबकोशात हवेचा प्रश्नच येत नाही. शस्त्रक्रियेत वार काढून टाकतात, नाळ मात्र बांधत नाहीत. नाळेतल्या रक्तवाहिन्या एका छोट्या डबीला जोडतात. त्या डबीत रक्ताला प्राणवायू मिळतो. रक्त ढकलायला कुठलाही पंप नसतो. बाळाचं शेंगदाण्याएवढं हृदय ते काम स्वतःच करतं. पंपांच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या शर्वरीला हे समजलं तेव्हा ती डॉक्टरांकडे नुसती बघत राहिली. एवढ्याशा पंपाची चाचणी कुणी घेतली होती, असं ती मग तेजसला म्हणाली.

केंद्राच्या प्रमुख डॉ. नाझनीन मुल्ला यांनी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. ऊबकोशातली पहिली बाळं जगली, पण वाढ मागे पडली. झोपेला ताल नव्हता, मेंदूची वीण विरळ राहत होती. मग त्यांना आईच्या हृदयाचे ठोके ध्वनिमुद्रित करून ऐकवले. चार दिवस बाळं खुश झाली, आणि नंतर त्यांनी त्या आवाजाकडे सपशेल दुर्लक्ष केलं. कारण कुणाच्या लक्षात येईना. शेवटी एका संशोधिकेला ते सापडलं. पोटात असताना बाळ लाथ मारतं, तेव्हा आईचं हृदय किंचित दचकतं. आई कूस बदलते, पोटावर हात ठेवते, काहीतरी पुटपुटते. बाळाला ते सगळं पोचतं. आपण काही केलं की जग उत्तर देतं, हा त्याच्या मेंदूचा पहिला धडा असतो. टेपमधलं हृदय कधीच उत्तर देत नाही.

म्हणून मग पट्टा आला. आईनं पोटाला बांधायचा. तिच्या हृदयाचे ठोके, श्वास आणि आवाजाची थरथर त्याच क्षणी ऊबकोशाच्या पाण्यात उमटते. बाळ हललं की पट्टा आईच्या पोटावर तेवढाच दाब देतो. आई केंद्रात असो की गावात, फरक पडत नाही.

तेजस तंतुवाद्यांच्या दुकानात तंबोऱ्यांची जवारी लावायचा, म्हणजे घोडी घासून तारेचा सूर खुलवायचा. त्याला हे चटकन कळलं. सतारीच्या तरफेच्या तारांना कुणी हात लावत नाही, मुख्य तार वाजली की त्या आपोआप बोलतात, तसंच ना हे? डॉक्टर म्हणाल्या, जवळपास तसंच, फक्त इथं दोन्ही तारा मुख्य आहेत.

शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी नर्सनं टाके सांभाळून शर्वरीच्या पोटाला पट्टा बांधला. शर्वरीचं पोट रिकामं होतं. चार दिवस तिला त्या रिकामेपणाची इतकी धास्ती बसली होती की कूस बदलतानाही ती पोटाकडे बघत नव्हती. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग उजव्या बाजूला, नेहमीच्याच जागी, हलकेच काहीतरी टोचलं. शर्वरीचा श्वास अडकला. हृदय एकदम धावलं. लगेच दुसरी लाथ आली, पहिलीपेक्षा जोरात. दोन मजले खाली पाण्यात तरंगणाऱ्या मुलीला कळलं होतं की, पलीकडे कुणीतरी आहे. शर्वरी त्या दिवशी खूप रडली, आणि मुलगी सबंध दुपार लाथा मारत राहिली.

आता रजेकडे येऊ, कारण जगातले सगळे चमत्कार शेवटी रजेच्या अर्जापाशी येऊन थांबतात.

भरपगारी रजा होती सहा महिन्यांची. पेढ्यांच्या दिवसापासून ती सुरू झाली होती. मुलगी ऊबकोशात राहणार होती साडेतीन महिने. म्हणजे ती खऱ्या अर्थानं बाहेर येईल तेव्हा शर्वरीच्या हातात अडीच महिने उरणार. डॉ. मुल्लांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की, या मुलांची खरी कसोटी बाहेर आल्यावर लागते. त्यांना शरीर माहीत नसतं, फक्त एक ताल माहीत असतो. तो ताल ज्या छातीत आहे, त्या छातीशी त्यांना सुरुवातीचे पाच-सहा महिने राहावं लागतं. ज्यांच्या आया लवकर कामावर गेल्या, ती मुलं दूध घेईनाशी झाली. दोन तर दगावली.

तेजसनं विचारलं की, बापाचं हृदय चालतं का? डॉक्टर म्हणाल्या, पुढच्या बाळांसाठी तो प्रयोग चालू आहे, पण हिला एकच ताल लागलाय. आता मध्येच बदलता येणार नाही.

शर्वरीनं खोतांना फोन केला. खोत हा नियमाचा माणूस. तीस वर्षांत त्यांनी कुणाची अर्धी रजा बुडवली नव्हती आणि कुणाला अर्धी जास्त दिली नव्हती. त्यांनी तिला शांतपणे समजावलं. एक, रजा चालू आहे तशी चालू द्यायची. ती संपल्यावर जास्तीत जास्त एक महिना बिनपगारी मिळेल, त्यानंतर जागा भरली जाईल. दोन, त्या दिवशी गर्भारपण संपलं असं लिहून द्यायचं, मग सहा आठवड्यांची वेगळी रजा मिळते. त्या रजेचं नाव वाचताना खोतांचा आवाज खाली गेला. शर्वरी म्हणाली, ते नाव पुन्हा घेऊ नका सर. खोतांनी घेतलं नाही. तीन, प्रसूती अजून व्हायचीच आहे असं लिहून द्यायचं. मग आत्तापर्यंतची सगळी रजा बिनपगारी धरली जाईल आणि आलेला पगार पुढच्या पगारांतून कापला जाईल. टाके भरल्यावर तिनं कामावर यायचं. मूल जन्मेल त्या दिवसापासून पूर्ण सहा महिने भरपगारी. पण त्यासाठी आई आणि बाप दोघांनी सही करून सांगायचं की, मूल अद्याप जन्मलेलं नाही. महानगरपालिकेतली जन्माची नोंदही रद्द करावी लागेल.

शर्वरीचा निर्णय फोन ठेवायच्या आतच झाला होता. तेजसचाही झाला होता, नेमका उलटा.

संध्याकाळी केंद्राच्या बाकावर दोघं बसले होते. तेजस म्हणाला, तो सही करणार नाही. पगार बुडला तर बुडू दे, उसनवारी करू, पण ही सही नको. शर्वरीनं कारण विचारलं.

"ती गेली तर?" तो म्हणाला. "शरू, मी तिला बघितलीय. तू तेव्हा शुद्धीवर नव्हतीस. माझ्यासमोरून नेली तिला. माझ्या बोटाएवढा हात होता आणि त्याला नखं होती. उद्या ती गेली, तर आपल्या सहीनं ती कधी झालीच नव्हती असं होईल. तुझ्या कागदावर त्या दुसऱ्या रजेचं नाव येईल. मला मुलगी झाली होती, एवढं तरी राहू दे की."

शर्वरीला त्याचं म्हणणं समजत होतं, आणि म्हणूनच तिला त्याचा राग आला.

"आणि जगली तर?" ती म्हणाली. "जगली तर मी अडीच महिन्यांत तिला सोडून पंपांपुढे उभी असेन. तू ती गेल्यावरची सोय बघतोयस, तेजस. मला ती राहिल्यावरची बघायचीय."

हे शब्द त्याला लागले. तो उठून दुकानात गेला आणि दोन दिवस घरी आला नाही. भोपळे आणि तारांच्या वेटोळ्यांमध्ये झोपला. जवारी लावताना तंबोऱ्यांचा सूरही बिघडवून ठेवला, असं मालक नंतर सांगत होता.

तिसऱ्या दिवशी त्यानं आईला मध्ये घातलं. सुशीलाबाई म्हणजे देवधर्माची बाई, तिथी-वार तोंडपाठ. ती तरी आपल्या बाजूनं बोलेल, अशी त्याची खात्री होती. तो म्हणाला, आई, तुला नात झाली, तू घरात सोयर धरलं असशील, आता तूच शरूला सांग. सुशीलाबाई देवापुढे वाती वळत होत्या. त्यांच्यापुढे निरांजन जळत होतं. ते बघून तेजसला पहिल्यांदाच जाणवलं की, जन्माचं सोयर असलेल्या घरात दहा दिवस देवपूजा करत नाहीत, आणि त्याच्या आईनं एक दिवसही पूजा चुकवली नव्हती.

"सोयर कसलं धरतोस?" त्या म्हणाल्या. "नाळ कापल्याबिगर सोयर लागत न्हाई. नाळ चालू हाय न्हवं तिची? पाचवी पुजली न्हाई मी. मूल रडलं न्हाई, तर सटवाईनं कुणाच्या कपाळावर लिवायचं? माझी नात व्हायची हाय अजून. चांगली दांडगी व्हायची हाय." मग वातींकडे बघतच त्यांनी पुढे जोडलं की, पेढे मात्र लई बेगीन वाटलास, बाबा.

दुसऱ्या दिवशी तेजस शर्वरीबरोबर खोतांच्या खोलीत गेला. सही करायला नव्हे, ऐकायला.

आता अडचण खोतांची होती. शर्वरीनं तिसरा मार्ग मागितला होता, पण उद्या तपासणी झाली तर ते काय सांगणार? टाके पडले, मूल बाहेर आलं, बापानं स्वतः येऊन पेढे वाटले आणि साऱ्या कारखान्यानं ते खाल्ले. याला प्रसूती म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? कायद्यात प्रसूती म्हणजे मूल जन्माला येणं, एवढंच लिहिलं होतं. जन्म म्हणजे काय, हे लिहायची कुणाला गरज वाटली नव्हती, कारण आजवर ते सगळ्यांना माहीत होतं.

शर्वरी म्हणाली, पेढे वाटले हे खरं, पण घरात सोयर धरलेलं नाही. खोतांनी चष्मा काढला. त्यांनी तेजसला विचारलं की, रोज पूजा झाली का? तेजसनं मान हलवली. पाचवी? नाही. खोत खुर्चीत मागे टेकले. पेढे म्हणतात जन्म झाला, सोयर म्हणतं नाही झाला, आणि दोन्ही पुरावे एकाच घरातले. तीस वर्षांत असा पेच त्यांनी पाहिला नव्हता. अखेर ते उठले आणि म्हणाले, मला ते मूल दाखवा.

केंद्रात गेल्यावर लिफ्ट बंद निघाली. डॉ. मुल्ला आणि तेजस खोतांना घेऊन आधी वर गेले. टाक्यांमुळे शर्वरी एकेक पायरी चढत मागून येत होती.

खोली अंधारलेली आणि उबदार होती. तांबूस उजेडात पिशवीतलं पाणी मंद हलत होतं, आणि त्यात ती होती. डोळे मिटलेले, गुडघे पोटाशी, पाठीवर बारीक लव. नाळ तिच्या पोटातून निघून डबीकडे गेली होती, आणि नाळेत रक्त थडथडताना दिसत होतं. खोत दोन मुलांचे बाप होते, पण दोन्ही वेळा ते बाहेरच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. जन्माआधीचं माणूस त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलेलं नसतं. त्यांनी नकळत चपला काढल्या.

ती शांत झोपली होती. मग पाय हलला, हात उघडला, आणि ती पाण्यात वळायला लागली. काय झालं, असं खोतांनी कुजबुजत विचारलं. डॉ. मुल्ला म्हणाल्या, हिची आई जिना चढतेय. ठोके वाढले की ही उठते. खोत दाराकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं शर्वरी धापा टाकत दारात आली, भिंतीला टेकली, तिनं श्वास सावरला. इकडे मुलीनं हात पुन्हा छातीशी घेतला आणि ती स्थिर झाली. आई तिच्यापासून दहा हात लांब होती.

मग खोत नेहमीसारखे कोरडेपणानं प्रश्न विचारू लागले, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"श्वास घेते का?"

डॉक्टर म्हणाल्या, नाही.

"रडलीय?"

नाही.

"नाळ?"

"चालू आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"मग ही अजून पोटातच आहे की हो," खोत म्हणाले. ते तेजसकडे वळले. "आवटी, तुमचा पेढा मी त्या दिवशी खाल्ला नव्हता. मुलगी झाली की पुन्हा आणा. तो खाईन."

तेजसला हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदम. इतके दिवस तो या पिशवीपाशी येऊन उभा राहायचा आणि त्याला वाटायचं की, मुलगी इथं एकटी आहे, तिच्या असण्याचा साक्षीदार फक्त आपण. ती अजून शर्वरीतच आहे, हे त्याला त्या दिवशी जिन्यामुळे दिसलं. त्यानं तिथंच, दाराजवळच्या बाकावर बसून खोतांनी आणलेल्या कागदावर सही केली.

टाके भरल्यावर शर्वरी कामावर आली. पोट सपाट, आणि सगळे तिला गर्भार बाईसारखं वागवत होते. कुणी तिला वजन उचलू देईना. डब्यात कैरीचं लोणचं येऊ लागलं. बोलता बोलता ती थांबायची, पोटावर हात ठेवायची, आणि समोरचाही आपोआप थांबायचा. दिवसभर ती चाचणीच्या पंपांजवळ असायची. त्यांची घरघर तिच्या हाडांतून पट्ट्यात आणि पट्ट्यातून पिशवीत जायची. पंप सुरू झाला की मुलगी शांत होते, हे सगळ्यांना ठाऊक झालं. चाचणी विभागातल्या बायका म्हणायच्या, पोरगी मोटार-दुरुस्तीत नाव काढणार.

दिवस भरायला थोडेच आठवडे उरले असताना एका दुपारी पट्टा थंड पडला. शर्वरीनं तो चाचपला, बिघडला की काय ते पाहिलं. बिघडला नव्हता. तेवढ्यात डॉ. मुल्लांचा फोन आला. पाण्यात जंतुसंसर्ग दिसतोय, औषध सुरू केलंय, पण ठोके फार मंदावलेत. शर्वरी निघायलाच लागली. डॉक्टरांनी तिला थांबवलं. गाडीत तुमचं काळीज गळ्याशी येईल, आणि ती घाबरेल. आहात तिथंच बसा. सावकाश श्वास घ्या. आत्ता तिला तुमच्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नाहीये.

शर्वरी एका उलट्या पिंपावर बसली. भोवती सगळे पंप गरजत होते. खोत केबिनमधून धावत आले, आणि ज्या माणसानं कधी चहाची वेळसुद्धा पाच मिनिटं वाढवली नव्हती, त्यानं मुलीला फक्त आईच ऐकू यावी म्हणून मुख्य खटका खाली ओढला. शेवटच्या पंपाची घरघर हळूहळू विरत गेली. तो भला मोठा हॉल इतका शांत झाला की छतावरच्या कबुतरांचे पाय ऐकू आले. साठ-सत्तर माणसं आपापल्या जागी उभी होती. कुणी हललं नाही.

शर्वरीच्या मनात एकच विचार होता. आत्ता ही गेली, तर ती कुठंच नसेल. तेजस बरोबर होता, आणि सही मी करवली. या विचारासरशी तिचं हृदय धावू लागलं, आणि तिनं तो विचार हातानं बाजूला सारावा तसा सारला. नंतर भीतीला जागाच ठेवायची नाही असं ठरवून तिनं श्वास घेतला, लांब, पोटापासून. सोडला. पुन्हा घेतला. मुलीशी ती मोठ्यानं बोलू लागली, सगळ्यांदेखत, बिनदिक्कत. बाई, ऐक. मी इथं आहे. पंप बंद केलेत तुझ्यासाठी, तेवढा मान कुणाला मिळत नाही. आजीनं निरांजन लावलंय. बाबा तिथं पिशवीशी उभा असेल, त्याला घाबरवू नकोस. हळू चल. माझ्याबरोबर चल.

किती वेळ गेला कुणी पाहिलं नाही. मग उजव्या बाजूला हलकेच टोचलं.

शर्वरीनं हात वर केला. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. एक-दोघं मटकन खाली बसली. खोतांनी पंप सुरू करायला सांगितलं आणि ते केबिनमध्ये जाऊन दार लावून बसले. औषधानं गुण आला की आईच्या श्वासानं, हे डॉ. मुल्लांनाही सांगता आलं नाही. तसं त्यांनी मोकळेपणानं कबूल केलं.

जन्म ठरल्याप्रमाणे एका मंगळवारी सकाळी झाला. शर्वरी ऊबकोशाच्या शेजारी टेकून बसली होती, पट्टा पोटावर, छातीवर नुसती चादर. पाणी हळूहळू उतरवलं. तिला पोटावर एकामागून एक लाथा बसत होत्या. डॉक्टरांनी पिशवी उघडली, मुलीला उचललं आणि कात्री तेजसच्या हातात दिली. त्यानं नाळ कापली.

आणि पट्टा गप्प झाला.

साडेतीन महिने ज्या जागी कुणीतरी होतं, तिथं आता काहीच नव्हतं. मुलगी डॉक्टरांच्या हातात निळसर, ओली आणि निश्चल होती. तिला शर्वरीचं हृदय आता ऐकू येत नव्हतं, शर्वरीला तिचं येत नव्हतं. एवढ्या मोठ्या जगात दोघी पहिल्यांदाच वेगवेगळ्या होत्या. शर्वरीनं श्वास रोखला, आणि या वेळी त्याचा कुणावर काही परिणाम झाला नाही.

मग मुलगी रडली. आधी चिरका, तुटका आवाज, आणि मग सबंध खोली भरेल असा टाहो. सबंध पृथ्वीवर त्या आवाजाइतकी नवी गोष्ट त्या क्षणी दुसरी नव्हती. डॉ. मुल्लांनी असे टाहो कित्येक ऐकले होते, तरी त्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

"काळी पाच," तेजस पुटपुटला. "शुद्ध काळी पाचमध्ये रडतेय."

डॉक्टरांनी मुलीला शर्वरीच्या उघड्या छातीवर ठेवलं. कान हृदयावर आला आणि टाहो मध्येच थांबला. मुलीनं डोळे उघडले. हा ताल तिच्या ओळखीचा होता. फक्त आता त्याला ऊब होती, वास होता, कातडं होतं. ती ऐकत राहिली.

दुपारी तेजस पेढ्यांचा पुडा घेऊन कुपवाडला गेला. या वेळी फाटकावरच त्याला घोळक्यानं घेरलं. खोतांनी अख्खा पेढा तोंडात टाकला, डोळे मिटून खाल्ला, आणि मगच संगणकाकडे वळले. प्रसूती झाली, भरपगारी रजा आजपासून सुरू. घरी सुशीलाबाईंनी निरांजन उचलून फळीवर ठेवलं. शेजारणीनं विचारलं तेव्हा त्या तोऱ्यात म्हणाल्या की, दहा दिवस देवांनाबी रजा, आणि तीबी भरपगारी. पाचवीला त्यांनी पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं, आणि सटवाईला बजावलं की, सावकाश लिही, पोरीची सगळ्यांनीच लई वाट बघितलीय.

घरी आल्यावर मुलगी पहिले दोन दिवस झोपेना. तेजसनं तिच्यासाठी तंबोरा लावला, तिनं त्याची दखलही घेतली नाही. वस्तीच्या टाकीवर पाणी चढवायची मोटार सुरू झाली, तेव्हा ती पहिल्यांदा गाढ झोपली. तेजस तंबोरा मांडीवर घेऊन हिरमुसून बसला होता.

शर्वरी आडवी पडली होती आणि मुलगी तिच्या पोटावर पालथी. पट्टा खुंटीला टांगलेला होता. मोटार थांबली, मुलगी चाळवली, आणि झोपेतच तिनं एक लाथ मारली. उजव्या बाजूला, नेहमीच्याच जागी.